चार जीबीवरची अकरा वर्षं

दवाखान्यांना कवळ्या पुरवणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. दिवसभर मेणात दात बसवायचे, साच्यात प्लास्टर ओतायचं, मग घासून घासून चकाकी आणायची. सगळे तिला कवळीताई म्हणत आणि तीही बिनतक्रार ओ देई. घरी आली की तोंडावरची पांढरी पूड धुवायची आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या कॉम्प्युटरपुढे बसायची. तिथे ती संगीत रचायची. नवरा नळजोडणीची कामं करायचा. सुरांतलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण ती रचत बसलेली असताना कुणी भेटायला आलं तर दारातच त्याला हळू बोलायला सांगायचा.

चार वाद्यं एकत्र वाजेपर्यंत कॉम्प्युटर बरा चाले. पाचवं घेतलं की आवाजात कटकट सुरू व्हायची, लांब सूर मध्येच तुटायचा. रचना फाइलमध्ये साठवायला लावली तर सगळंच गोठायचं. म्हणून ती वायर जोडून छोट्या रेकॉर्डरवर रचना वाजता वाजता उतरवून घ्यायची आणि कटकटीसकट ओळखीच्यांना पाठवून द्यायची.

अशीच एक रचना बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका दिग्दर्शकाच्या कानी पडली. त्याचं नाटक दीपगृहात एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं होतं. पहिल्या प्रवेशाला त्याने ती रचना घेतली आणि उरलेल्या तीन प्रवेशांचं कामही तिलाच दिलं. तिचे तुटक सूर आणि मधे सोडलेल्या जागा हीच तिची खासियत आहे, असं तो म्हणाला. बाहेरचं पहिलंच काम. ती हुरळून गेली आणि कॉम्प्युटर घेऊन थेट दुरुस्तीवालीकडे पोचली.

दुरुस्तीवालीने पडद्यावर एक लहान खिडकी उघडून दाखवली. मेमरी चार जीबी, त्यातली निम्म्याहून जास्त संगीताचा प्रोग्रॅम उघडण्याआधीच संपलेली. डिस्क तर अर्धी रिकामी आहे, असं कवळीताई म्हणाली, तेव्हा दुरुस्तीवालीने तिला तिच्याच कामावरून समजावलं. डिस्क म्हणजे लॅबमधलं कपाट. मेमरी म्हणजे कामाचं टेबल. कॉम्प्युटरमधला तिचा चेलो, ते थोरल्या व्हायोलिनसारखं वाद्य, म्हणजे खऱ्या चेलोचे रेकॉर्ड केलेले हजारो सूर. ते टेबलावर मावले नाहीत की मशीन दर वेळी कपाटाकडे पळतं आणि तेवढ्यात सूर तुटतो. नुसतं गाणं आणि एखादी गिटार रेकॉर्ड करणाऱ्याचं आठ जीबीत भागतं. अख्खा वाद्यवृंद मांडणाऱ्यांना बत्तीसही अपुरे पडतात. तिला सोळा हवेत, आणि ते या मशीनमध्ये बसतील.

"म्हणजे अकरा वर्षं मी वीतभर टेबलावर काम करत होते?"

"ताई, चार जीबीवर तुम्ही एवढं केलंत, हेच मला खरं वाटत नाहीये," दुरुस्तीवाली म्हणाली.

सोळा जीबी बसवून ती घरी आली. नाटकातली रचना उघडली, वाजवली. कटकट नाही, थांबणं नाही. ती खुर्चीत ताठ बसली. मग पडद्यावरच्या सुरांच्या पट्ट्यांकडे तिचं लक्ष गेलं. सगळे सूर आखूड होते. तिने आणखी एक जुनी रचना उघडली, मग तिसरी, मग दहावी. सगळीकडे तेच. लांब सूर तुटतो म्हणून तिने हळूहळू तो लिहायचाच सोडून दिला होता, आणि आपण सोडला हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

नवरा आत आला, तिचा चेहरा बघून घाबरला.

"माझी खासियत म्हणजे मेमरी कमी होती, एवढंच," ती म्हणाली.

त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "पाण्याला जोर नसला की मी नळ खाली बसवतो. पण कुठे बसवायचा, ते मलाच ठरवावं लागतं ना?"

तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. तिने पहिल्या प्रवेशासकट सगळं नव्याने लिहिलं, लांब सूर घातले आणि पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला.

"ताई, पहिल्या प्रवेशातली दिव्याची चरचर कुठे गेली? म्हातारीचं चालणं मी तिच्यावरच बसवलंय."

कवळीताईला काही कळेना. कसली चरचर? मग लख्खकन डोक्यात प्रकाश पडला. थाप मारता आली असती.

"ती चरचर नव्हती. माझ्या मशीनला दम लागत होता."

 दिग्दर्शक पडेल आवाजात म्हणाला की, दोन महिने तो आपल्या कलाकारांना त्या चरचरीचा अर्थ समजावून सांगत होता.  शेवटी ठरलं ते असं: पहिल्या प्रवेशाला जुनं रेकॉर्डिंगच ठेवायचं, बाकी तिन्हींना नवीन संगीत.

पहिल्या खेळाला ती नवऱ्याबरोबर तिसऱ्या रांगेत बसली. शेवटच्या प्रवेशात म्हातारी दिवा मालवून जिना उतरू लागली आणि चेलोचा एकच सूर सुरू झाला. आता तुटेल, आता तुटेल, म्हणून तिने नवऱ्याचं मनगट घट्ट आवळलं. सूर तुटला नाही. म्हातारी खालच्या पायरीवर पोचली तरी तो चालूच होता. हा आपणच लिहिलाय, यावर तिचा विश्वास बसेना. दिवे लागले, माणसं उठली, तरी ती बसूनच होती.

पुढे बरेच रविवार ती जुन्या रचना एकेक करून उघडत राहिली. काहींमधले सूर तिने लांबवले. पुष्कळशा मात्र दोनदा ऐकल्या आणि होत्या तशाच ठेवल्या.