भिंतीतून येऊ नका

नसलेल्या भिंतीतून चालत आल्याबद्दल माणसाला झापणारा एकच गृहस्थ त्रिभुवनात झाला, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. आमच्या हिचे हे मामा सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झाले होते. त्यांचा हात मात्र निवृत्त झाला नव्हता. काखेत नकाशाची गुंडाळी असल्याशिवाय ते दाढी करायलासुद्धा जात नसत. लग्नाच्या पंगतीत बसले, की वाढप्यांना यायला एक आणि जायला एक असे रस्ते आखून देत, तोवर जिलबी संपलेली असे. पनवेलच्या मासळीबाजारात त्यांनी एका कोळिणीला टोपली चार हात मागे घ्यायला लावली. उद्या गाव वाढलं, तर रस्ता रुंद करायला जागा नको? ती म्हणाली, "गाव वाढंल तवा वाढंल. तुमी बोंबील घेता का नाय?" मामांनी बोंबील घेतले, पण मागून वळसा घालून.

न्हावा शेव्याला बंदर सुरू झालं आणि पनवेलच्या जमिनींना पंख फुटले. आमच्या घरमालकालाही इमारत बांधायचे डोहाळे लागले आणि त्याने आम्हाला दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितलं. आमच्यासारखी सोळा बिऱ्हाडं जमवून मामांनी सोसायटी काढली. "गाव सगळीकडून सारखं वाढायला हवं," ते म्हणत. "एकाच बाजूनं फुगलं, तर त्याला वाढ नाही, गालगुंड म्हणतात." पनवेलजवळच्या कोन गावातल्या एका शेतकऱ्याची जागा आम्हाला परवडत होती. आमच्याबरोबर त्या शेतकऱ्याचंही घर तिथेच व्हायचं होतं. पण दुप्पट भाव घेऊन एक बिल्डर त्याच्या दारात रोज हजर असे. रविवारी काय ते सांगतो, असं शेतकऱ्याने दोघांनाही कळवलं. मी तर मनातल्या मनात सामानाची बोचकी बांधायला घेतली होती.

कागदावरचं घर कुणाला दिसत नाही, असा मामांचा सिद्धांत. म्हणून रविवारी पहाटेच त्यांनी कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून सगळ्या घरांच्या भिंती त्या माळावर आखल्या, आणि सोळाही बिऱ्हाडांना आपापल्या घरात सतरंजी टाकून बसवलं. मी डबा घेऊन सरळ आत शिरलो, तर ओरडले, "अहो जावईबापू, भिंतीतून काय येताय? दार तिकडं आहे!" मी मुकाट्याने दारातून आलो. हिने फक्कीच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून चहासुद्धा केला. शेतकऱ्याच्या बायकोला, म्हणजे पुढे शेजारी झालेल्या आमच्या वहिनींना, मामांनी त्यांची ओटी आणि पुढचं भात वाळवायचं अंगण दाखवलं. त्या पदर खोचून ओटीवर जाऊन बसल्या. बराच वेळ बसल्या.

एवढ्यात बिल्डरची गाडी आली. ती तीन स्वयंपाकघरं आणि आमचं न्हाणीघर तुडवत थेट वहिनींच्या पुढ्यात थांबली. मामांचा चेहरा खरोखरीचं घर पडल्यासारखा झाला. बिल्डर उतरून हसत म्हणाला, "काय हा पोरखेळ! इथं आहे काय?"

नवऱ्याने तोंड उघडायच्या आत वहिनी उठल्या. "आदी गाडी मागं घ्या. माज्या ओटीवर चाक हाय."

शेतकऱ्याने बायकोकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "घ्या मागं. जागा यांना दिली."

घरमालकाच्या हातापाया पडत दोन वर्षं काढली, तोवर घरं उभी राहिली. मधोमध मामांनी एक मोकळा चौक सोडला होता. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अजून न आलेल्या माणसांसाठी." त्यावर आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. पुढे ते गेले. त्यानंतरच्या वर्षी मी जुनी फियाट घेतली, आणि जागा नाही म्हणून त्या चौकात लावली. सकाळी पाहतो, तर गाडीभोवती फक्कीची ताजी, सरळ रेघ, आणि शेजारी पांढऱ्या हातांनी उभ्या असलेल्या वहिनी.

"मामा असते तर लावली असती?" त्यांनी विचारलं.

मला मामांची फार आठवण आली. गाडी काढली, रस्त्यावर लावली आणि घराकडे निघालो. चौक मोकळा होता, तरी रेघेच्या कडेकडेनेच आलो.