आडव्या माणसाचं माप

रसूलचाचांच्या दुकानात तंबू किंवा गादीची खोळ शिवून घ्यायला गेलेल्या माणसाला आधी जमिनीवर झोपावं लागे. बसायला स्टूल नाही, चहाचं विचारणं नाही. "आडवं व्हा," एवढंच. गिऱ्हाईक कोण आहे हे ते बघत नसत. एका वकिलाला त्यांनी काळ्या कोटासकट ताडपत्रीवर आडवं केलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. वकीलसाहेब कुरकुरले, तर चाचा म्हणाले, "साहेब, उभ्या माणसाचं माप टेलरकडं. हितं झोपायचं काम हाय." मग खडूने ते माणसाभोवती रेघ ओढत, त्याला उठवत, आणि मान तिरकी करून त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसत.

मंगळवार पेठेत त्यांचं एका खणाचं दुकान होतं. ट्रकवर बांधायच्या ताडपत्र्या, दुचाकीची कव्हरं, ऊसतोडीच्या टोळ्यांना खोपीवर टाकायची कापडं, असलं सगळं ते शिवत. माझे वडील, आण्णा, ट्रक चालवायचे तेव्हापासून त्यांची ओळख. त्यामुळे चाचा मला अजून पोरा म्हणत. बावन्न वर्षांचा, कंबर धरून चालणारा पोरगा मी.

मला तंबू कशाला हवा होता ते सांगायला लाज वाटत नाही. झोपायला. आण्णांना विसरण्याचा आजार झाला त्याला तीन वर्षं होत आली होती. दिवसा ते बरे असत, पण रात्री तासातासाला उठून मला म्हणत, "गाडी काढ, घरी जाऊया." हेच आपलं घर आहे, असं मी सांगायचो. ते चिडायचे, मग मीही चिडायचो. बायको सुनंदा दवाखान्यात नर्स आहे, तिच्या निम्म्या महिन्याच्या रात्रपाळ्या. सकाळी ऑफिसात मी फाईल उघडायचो आणि तीच ओळ चारदा वाचायचो. चिडचिड एवढी वाढली होती की एकदा मी आण्णांचा हात जोरात झटकला. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून मला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

एक रात्र, फक्त एक रात्र सलग झोपायचं, एवढंच मी मागत होतो. लॉजवर का जात नाहीस, असं मेव्हणे म्हणाले. लॉजवर फोन लागतो. गडहिंग्लजच्या पुढे माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची डोंगरावर पडीक जमीन आहे, नुसता उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. तिथे रेंज नाही आणि माणूसही नाही. त्याला विचारून ठेवलं होतं. मुरगूडची माझी बहीण एका शनिवारी आण्णांजवळ झोपायला येणार होती. राहिला तंबू.

महिनाभर मी जेवताना मोबाईलवर तंबू बघत होतो. परवडणारे होते ते तीन-साडेतीन किलोचे, आणि डॉक्टरांनी मला सगळं मिळून पाठीवर पाच किलोच्या वर काही घ्यायचं नाही म्हणून बजावलेलं. हलके होते त्यांची किंमत सुनंदाला सांगायची माझी छाती नव्हती. शेवटी कंटाळून चाचांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं ताडपत्रीकडे बोट दाखवलं. मी आडवा पडलो. वर पंखा फिरत होता. पुढचं मला काही आठवत नाही.

जागा झालो तेव्हा चांगला दीड तास गेला होता. चाचांनी मशीन बंद ठेवून नुसती हातशिलाई चालवली होती. माझ्याभोवती खडूची रेघ ओढलेली, पण ती पाय पोटाशी घेतलेल्या माणसाची. मी उठून म्हणालो, चाचा, हे माप चुकलं, मी पावणेसहा फूट आहे.

"ते जागंपणीचं," चाचा म्हणाले. "जागा माणूस ताठ पडतोय, लोकास्नी दाखवाय. झोप लागल्यावर तू साडेचार फुटात मावलास की. वरचं कापड उगं कशाला वाहतोस डोंगरावर?"

आणि पाय लांब करावेसे वाटले तर, असं मी विचारलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "मग झोप लागल्याली न्हाय म्हणायचं. तवा भाईर येऊन बस."

आठ दिवसांनी तंबू झाला. छत्रीहून पातळ नायलॉन, खाली जाड काळं कापड. खांब दिलाच नव्हता. कंबरेमुळे तू काठी टेकत जाणार, तीच मधे उभी कर, दुसरा खांब वाहायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. कड जमिनीपासून चार बोटं वर ठेवलेली, कारण आत कोंडलेल्या श्वासाचं पाणी होतं आणि पहाटे तेच अंगावर ठिबकतं. हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. खोपीत झोपणाऱ्या माणसांनीच शिकवलं असणार. समोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर अकराशे ग्रॅम भरला. आणि पैसे घेतले मोबाईलवरच्या सगळ्यात स्वस्त तंबूपेक्षाही कमी. खालच्या काळ्या कापडावर माझ्या झोपेची रेघ त्यांनी खडूने पुन्हा उतरवली होती, डोकं कुठे आणि गुडघे कुठे ते कळावं म्हणून. मी ती झटकायला लागलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एका झोपंत पुसून जातीया."

त्या शनिवारी बहिणीच्या सासूबाई पडल्या. पुढच्या शनिवारी आण्णांना ताप आला. मग सुनंदाच्या पाळ्या बदलल्या, मग बहीण फोनवर गप्प राहायला लागली आणि मीही विचारणं सोडलं. तंबू कपाटावर गेला. ऑफिसला जाताना चाचांचं दुकान वाटेत लागायचं. ते मशीनवरून मान वर करून विचारायचे, "झोपलास काय?" चार-पाच वेळा मी नुसता हसलो. एकदा त्या प्रश्नाचाच वैताग आला आणि सांगून टाकलं, होय चाचा, गेलो होतो, छान झोप लागली. त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला दिवसभर ऑफिसात बसवेना. त्या भरात ते आणखी एकासाठी तसलाच आखूड तंबू बेतायच्या गोष्टी करायला लागले.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी तंबू आणून द्यायला सांगितलं. शिवणीला मेण लावायचं होतं. मी दिला, आणि देताना मला ती रेघ आठवलीसुद्धा नाही. चाचांनी तो दुकानात उलगडला. काळ्या कापडावर माझं माप होतं तसं होतं, घडीच्या जागी थोडं फिकटलेलं, पण डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सलग. त्यांनी रेघेवरून एक बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला खडू बघितला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"न्हाय गेलास," ते म्हणाले. मग शिवणीला मेण लावत लावत खाली बघूनच म्हणाले, "शनवारी जा. आण्णाजवळ मी बसतो."

चाचा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, त्यांना स्वतःलाच दम लागायचा. मी नको म्हणालो, आण्णा ऐकत नाहीत, मारायलाही उठतात, असं सांगितलं. ते मेण लावत राहिले. शनिवारी दुपारी काखेत ताडपत्रीची गुंडाळी घेऊन दारात हजर.

सड्यावरच्या रात्रीचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी ती पाहिलीच नाही. अंधार पडायच्या आत काठी उभी केली, सोबत नेलेली भाकरी खाल्ली आणि आत शिरलो. तारे होते की नव्हते मला माहीत नाही. ऊन तोंडावर आलं तेव्हा उठलो. पाय पोटाशी होते आणि खालची रेघ पुसली होती. मी तिथे बसून थोडा रडलो, मग तंबू गुंडाळून एसटी गाठली.

घरी आलो तर चाचा खुर्चीत बसलेले, डोळे लाल. आण्णा खाली ताडपत्रीवर गाढ झोपलेले, आणि त्यांच्याभोवती खडूची रेघ.

"तीनदा उठला," चाचा हळू आवाजात म्हणाले. "तू हेच घर हाय म्हणतोस, म्हणून तो भांडतोय. मी म्हणलं, व्हय आण्णा, निघूया की, पर गाडीवर ताडपत्री नगो व्हय? आदी आडवा हो, माप दे. माप देता देता झोपतोय बघ." मग रेघेकडे मान तिरकी करून म्हणाले, "तुज्यागतच झोपतोय. पाय पोटाशी."

मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. ताडपत्री न्यायला ते विसरले. परत द्यायला गेलो तर म्हणाले, तुलाच लागंल.

यंदाच्या थंडीत चाचा झोपेतच गेले. कब्रस्तानात मी मागे उभा होतो. लोकांनी त्यांना कबरीत उजव्या कुशीवर ठेवलं, ते बघून मला बरं वाटलं. पण पाय सरळ होते. चाचा कसे झोपायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सगळ्या पेठेची मापं त्या माणसाने घेतली, आणि त्यांचं कधी कुणी घेतलं असेल असं मला वाटत नाही.

दुपारी घरी आलो. आण्णा दारातच उभे. "गाडी काढ," भर दुपारीच म्हणाले, "घरी जाऊया." मी भांडलो नाही. ताडपत्री अंथरली आणि म्हणालो, निघूया आण्णा, आधी आडवे व्हा. ते निमूट झोपले. मी खडू घेतला, त्यांच्याभोवती रेघ ओढली आणि तिथेच, रेघेच्या बाहेर, पाठ टेकली.

सुनंदा ड्युटीवरून आली तेव्हा आम्ही दोघेही झोपलो होतो. पाय दोघांचेही पोटाशी होते, असं ती नंतर म्हणाली. तिने उठवलं नाही.