शारजा ते सुरत, तीन तास

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला वाटतं, मी आईच्या आठवणीने गप्प असतो. असू दे.

शारजाहून सुरत थेट विमानाने तीन तासांवर आहे. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आतलं. सुरतेहून नंदुरबार रेल्वेने साधारण तेवढाच वेळ, आणि पुढे रिक्षाने कोरीट – आमचं गाव. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी जेवायला बसतो. हे मला तिथल्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

पण आईला मी सांगितलं, दोन दिवस लागतात. का सांगितलं? खरं सांगू – मला जायचा कंटाळा यायचा. दुसरं काहीच नाही. सुट्टीत मी झोपायचो, मॉलमध्ये हिंडायचो. आणि आई फोनवर स्वतःच हिशेब करायची, "चार दिन ते वाटमाच जातस. थकी जाशी, नको येऊ." ती साऱ्या गावाला कौतुकाने सांगायची, माझा मुलगा दोन दिवस लांब राहतो म्हणून. मोबाइल तर घरोघर होते. पण कुणी शोधून पाहिलं नाही. मी सांगितलं होतं ना!

मग एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आई गेली. बहीण रडत नव्हती, एवढंच विचारत होती – "सकाळलोंग थांबतस आम्ही. पोचशी का?"

पोचलो असतो. पण तसं म्हटलं असतं तर इतकी वर्षं काय सांगत होतो, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, दोन दिवस लागतील, तुम्ही उरकून घ्या.

आणि तरी त्याच रात्रीच्या विमानात बसलो. उजाडताना मी सुरतेत होतो – स्टेशनसमोरच्या लॉजवर, पलंगावर, बूट न काढता. खाली नंदुरबारच्या गाडीची घोषणा झाली. ऐकली. उठलो नाही. चुलतभावाने तिला अग्नी दिला तेव्हा मी चहा मागवला होता. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. तो दिवस आणि ती रात्र मी तिथेच काढली, ठरल्या वेळेला पोचावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेलो. लोक म्हणाले, बिचारा किती लांबून आला. बहिणीने पाणी दिलं आणि मग ती रडली. "भाऊ, माफ कर. आम्हले थांबता नही उनं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, जाऊ दे.

मी तिला माफ केलं.