स्टंपकाकांची परवानगी

"पडदा पाडा! नाहीतर एकेकाला पाडतो!"

कल्याणच्या एका हॉलमध्ये, ऐन एकांकिका स्पर्धेत, शेवटच्या रांगेतून आरोळी उठली आणि शबनम पिशवीतून क्रिकेटचा स्टंप उपसत आमचे स्टंपकाका रंगमंचाकडे धावले. त्या आवाजाने खडवलीपर्यंतची कुत्री भुंकली, असं शपथेवर सांगणारे मला भेटलेत.

एकांकिका काकांची होती. 'गळती चालू आहे' हे तिचं नाव पुसून डोंबिवलीच्या एका ग्रुपने ती 'थेंब' म्हणून उभी केली होती. तिसऱ्या घंटेनंतरच्या घोषणेत प्रकाशयोजनाकार आला, चहावाल्याचे आभार आले. लेखक काही आला नाही. काका प्रत्येक स्पर्धेत तेवढी घोषणा ऐकायलाच बसायचे. नाव आलं की डोळे मिटायचे. नाही आलं की हात पिशवीत.

त्या दिवशी ते पुठ्ठ्याची भिंत फोडूनच आत शिरले. सोफा उलटला, खुर्ची विंगेत गेली, नायक खुर्चीच्याही आधी गेला.

"काका, प्रयोग चालूये, खाली उतरा ना!" दिग्दर्शक किंचाळला.

"पोर पळवतोस आणि वर बारसं करतोस?" म्हणत काकांनी त्याच्या मफलरचा असा फास आवळला की त्याचे डोळे पहिल्या रांगेत येऊन बसले. त्यानेही फळी हाणून काकांचं कपाळ फोडलं. प्रेक्षकांना वाटलं, नाटकच! टाळ्यांनी छप्पर उडालं. परीक्षकांनी जिवंत मारामारीसाठी खास बक्षीस दिलं, तेही चोरांना. काकांनी बक्षिसाची ती ढाल हिसकावली आणि दिग्दर्शकाच्याच टाळक्यात घातली.

चौकीत हवालदाराने विचारलं, "चोरीला काय गेलं?"

"एकांकिका."

"कुठे ठेवलेली?"

"डोक्यात!"

"डोकं तर जाग्यावर दिसतंय. फुटलंय तेवढं."

घरी, ठाण्याला, काकू त्यांच्या कपाळावर हळद दाबत बसल्या. काका मात्र गरजत होते, "एकच तर लिहिलंय रे मी आयुष्यात! तेही दुसऱ्याच्या नावावर गेलं तर मी काय नुसती विजेची बिलं भरायला जन्मलो? कायदा वाच! मी मेलो तरी साठ वर्षं ती माझीच. माझ्यामागे हिला विचारायचं, हिला!"

असा माणूस पुढे अंथरुणात, झोपेत, कुणालाही न मारता गेला. आम्हाला ते पटेचना.

आम्ही चेल्यांनी शोकसभेत 'गळती'च बसवली. ठाकुर्लीच्या पोरांनी खरं पाणी गळवलं. तिसरी घंटा झाली आणि मी काकांचं नाव असं ठणकावून घेतलं की माईक फाटला. अख्खा हॉल रडला.

प्रयोगानंतर मी डोळे पुसत पहिल्या रांगेत गेलो. काकू बसल्या होत्या. मांडीवर शबनम पिशवी.

"काकू, कसं झालं?"

काकूंचा हात पिशवीत गेला.

"नाव घेतलंत," त्या म्हणाल्या. "मला विचारलं नाहीत."