सुकतीला येणारे पट्टे

संगणकाच्या पडद्यावरचे ते पट्टे पहिल्यांदा बाबांना दिसले. फिकट करडे, आडवे, खालून वर सरकणारे. एक वरच्या कडेला जाऊन विरला की खालून दुसरा निघायचा, अगदी सावकाश. मागे बातम्या देणारी बाई बोलत असायची आणि पट्टा तिच्या गळ्यावरून, हनुवटीवरून, कपाळावरून निघून जायचा. तिला त्याचं काहीच नसायचं. हे मी पुढे स्वतः पाहिलं. सुरुवातीला मात्र नुसतं ऐकून घेतलं होतं.

आमचं घर उरणच्या अलीकडे, खाडीला लागून. पूर्वी तिथे मिठागर होतं, मग भराव टाकून घरं उठली. मागची पायरी उतरलं की चर, चरापलीकडे चिखल, आणि चिखलापलीकडे पाणी, असलं तर. बाबा जन्मभर तांडेल होते, म्हणजे बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. घरात तो तसा कधीच नव्हता. आधी आईचा होता, आणि आई गेल्यावर आपसूक माझ्याकडे आला. मी उरणला, कंटेनरच्या गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्या एका ऑफिसात काम करते. सकाळी जाते ती दिवेलागणीला परत येते.

आमचा टीव्ही खाऱ्या हवेने खाल्ला. खाऱ्या हवेला काहीही चालतं. कडी, कोयंडा, पंखा, सायकल, कशालाही ती नाही म्हणत नाही. नवा टीव्ही आणायच्या ऐवजी मी डोकं चालवलं. माझा जुना संगणक घरात धूळ खात पडला होता. त्यात टीव्ही दिसण्याचं कार्ड बसवून घेतलं, केबलवाल्याच्या डब्याची वायर मागे खोचली, आणि चित्र लख्ख आलं. त्या दिवशी मी स्वतःवरच इतकी खूश होते की बाबांना दोनदा चहा करून दिला.

नेमकं त्याच सुमाराला बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा अजून राहिला होता, आणि तो दुधाळ होत चालला होता. उजव्याची पट्टी निघाली, काळा चष्मा गेला, आणि बाबा दिवसभर पडद्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले.

एका संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच म्हणाले, "गो बाय, चित्रावर पट्टे येतात."

"कवा?"

"सुकतीला."

सुकती म्हणजे ओहोटी. आमच्याकडची जुनी माणसं वेळ अशीच सांगतात. भरतीला जेवलो, सुकती लागली तेव्हा पाहुणे उठले, पाणी अर्ध्यावर होतं तेव्हा तू जन्मलीस. बोट सुटून बरीच वर्षं झाली तरी भिंतीवरच्या घड्याळाशी बाबांनी कधी सलगी केली नाही. मी ऑफिसात बसणारी, मनातल्या मनात उलथापालथ करून घेते. त्या दिवसांत सुकती दुपारची होती, म्हणून मी समजले, दुपारी.

"आता हायेत?"

"आता न्हाय."

पडदा स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी घरात नसताना पट्टे, मी आले की चित्र आरशासारखं. मला वाटलं, डोळाच. आणि बाबांना तर पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं.

पनवेलच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, उजेड मारला, अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाले, "डोळा छान झालाय. आता दुसऱ्याची तारीख घ्या, फार लांबवू नका." मी तारीख घ्यायला वळले तर बाबा दारातून बाहेरसुद्धा पडले होते. एसटीत खिडकीशी बसले. गव्हाण फाटा गेला. मग बाहेर बघतच म्हणाले, "ह्यो एक फुकट गेला. दुसरा हाय तसा ऱ्हाऊ दे."

डावा असाच ठेवला तर जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि उजवा चांगला असूनही त्यांचा त्यावर भरवसा उरला नव्हता. पट्टी सुटल्यापासून ते धक्क्यावरही गेले नव्हते. बोटी लागायच्या वेळी रोज तिथे जाऊन बसणारा माणूस, कोणी बोलवायला आलं तर म्हणायचा, "डोल्याला आराम सांगितलाय." कोणी सांगितला होता, देव जाणे. त्या खुर्चीत ते असेच बसतील, एक डोळा जाऊ देतील आणि दुसऱ्याला गेलेला समजतील, या विचाराने मी ऑफिसात चुकीच्या गाड्या चुकीच्या यार्डाला पाठवत होते.

पुढच्या आठवड्यात एकदा घरी आले, दिवा लावला, पडद्याकडे सहज नजर गेली आणि जागच्या जागी थांबले. पट्टा चालला होता. बातम्यांच्या बाईच्या कानातल्यावरून वर गेला. त्याच्यामागून दुसरा.

"बाबा, दिसतात! मला पन दिसतात!"

लॉटरी लागल्यासारखी मी ओरडले. शेजारच्या काकी धावत आल्या, त्यांनाही दिसले. बाबांनी आमच्या दोघींकडे शांतपणे पाहिलं. "बापाला बरं वाटावं म्हनून सांगतंस, आन हिला पन शिकवलंस," म्हणाले.

मी इरेला पेटले. पडद्याची वायर हलवून पाहिली, घट्ट केली. दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहिली. पंखा बंद, फ्रिज बंद. पट्टे आपले चाललेच. शेवटी केबलची वायर संगणकाच्या मागून उपटली. बातम्या गेल्या, मागे नुसता निळा पडदा राहिला, आणि त्यावर एकही पट्टा नाही. परत खोचली, पट्टे हजर. काढली, गायब.

"बघितलंस? वायरीत हाय, तुझ्या डोल्यात न्हाय."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "परत काढ," म्हणाले. मी काढली. "लाव." मी लावली. कितीतरी वेळ आम्ही बापलेक तेवढंच करत होतो. त्या रात्री जेवताना माशाचा काटा त्यांनी स्वतः काढला. ऑपरेशननंतर प्रथमच.

मग मी केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, नक्की कधी येतात ते सांगा, त्या वेळेला येतो." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सुकतीला." मी फोनवर सांगितलं, "संध्याकाळी." आता हे वाचणाऱ्या कुणाही कोळणीने कपाळावर हात मारून घ्यावा. पाणी काय रोज एकाच वेळेला उतरतं? त्याला सवड झाली तोवर आठवडा उलटला होता. तो संध्याकाळी आला तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली आणि पडदा स्वच्छ. त्याने जोड बदलला, डबा बदलला, चहा घेतला. निघताना बाबांकडे बघत दबक्या आवाजात मला म्हणाला, "सिग्नल एक नंबर आहे, ताई. आजोबांचं आत्ताच ऑपरेशन झालंय ना?"

दबका आवाज बाबांना ऐकू जायला पुरेसा होता. कान त्यांचे कधीच बिघडले नव्हते. त्या दिवसापासून त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे पुन्हा मला काढावे लागले. केबलवाल्याला मी मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो रविवार मला अजून आठवतो, जागेपणी पाहिलेला असूनही झोपेत पाहिल्यासारखा. दुपार होती. बाबा खुर्चीत डोळे मिटून होते, मी खाली चटईवर आडवी झाले होते. आवाज बंद केलेला होता. पडद्यावर कुणीतरी कढईत काही परतत होतं आणि त्यावरून पट्टे चालले होते. मागचं दार उघडं होतं. तिथून उन्हात तापलेल्या चिखलाचा आणि गच्चीवर पसरलेल्या सुकटाचा वास येत होता. माझी नजर एका पट्ट्याला धरून वर जायची, तिथे तो सुटायचा, की खालचा दुसरा धरायची. हळूहळू मला वाटायला लागलं की पट्टे जागेवरच आहेत आणि आमची खोलीच खाली खाली चालली आहे, चटईसकट, बाबांच्या खुर्चीसकट. लहानपणी बोटीत झोपल्यावर असंच वाटायचं. भीती वाटत नव्हती. छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चरात चुळबुळ झाली. पाणी आत यायला लागलं की तसा आवाज येतो, खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे निघतात. मी अर्ध्या डोळ्याने पडद्याकडे पाहत होते. पट्टे फिकट झाले होते. मला वाटलं, झोपेमुळे. चर भरत गेला. पट्टे आणखी पुसट झाले, धुरासारखे. मग नुसती थरथर उरली. पाणी मागच्या पायरीला लागल्याचा चळक असा आवाज झाला आणि पडद्यावर कढई, कांदा, बाईच्या बांगड्या, सगळं कसं स्वच्छ दिसू लागलं.

मी ताडकन उठून बसले.

"बाबा, पट्टे कवा येतात?"

त्यांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "किती येला सांगू तुला? सुकतीला."

ते पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. त्यांच्या मते ती नुसती वेळ होती, माझ्या मतेही वेळच होती. ते कारण असेल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सबंध जन्म पाण्याच्या काठावर काढला आणि घरातल्या घरात भरती-ओहोटी चाललीय हे कळायला इतके दिवस लागले. मला एकटीलाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि ऐन सुकतीला वायरमनला घेऊन आले. पडद्यावरचे पट्टे त्याला आधी दाखवले, मग पाण्याचं सांगितलं. तो थेट घरामागे गेला आणि अर्थिंगचा खड्डा उकरायला लागला. एरवी लोक त्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, वर अधूनमधून पाणी ओततात, म्हणजे वीज जमिनीत नीट उतरते. आमच्या पाड्यात हे कुणी करत नाही. इथली माणसं म्हणतात, जमीनच मिठाची, घर मिठात उभं, आणखी मीठ कशाला? एक आखूड पाइप ठोकायचा की झालं. त्याच मिठाने तो पाइप खाऊन टाकला होता. वर वीतभर थोटूक उरलेलं. जमिनीखालचं पाणी चढून त्याला टेकलं की सगळं ठीक, पाणी उतरलं की ते पोकळीत लोंबायचं. मग घरात साठलेला थोडाथोडका करंट केबलच्या वायरीवरून वाट काढायचा आणि जाता जाता चित्रावर पट्टे ओढायचा. त्याने नवा, चांगला लांब पाइप खोल घातला, मिठाकोळशासकट.

तो गेला तेव्हा सुकती पुरती लागलेली होती. चर कोरडा, चिखल उघडा. पडद्यावर एकही पट्टा नव्हता. बाबा समोर बसले. मी स्वयंपाकघरातून डोकावून बघत होते. ते चित्र बघत नव्हते, पट्ट्यांची वाट बघत होते. बराच वेळ तसे बसले. मग उठले आणि खुंटीवरची टोपी काढली.

"चल."

"कुठं?"

"धक्क्यावर."

मी नुसतीच मागून चालत राहिले. पाणी उतरल्यामुळे बोटी चिखलात कलंडलेल्या होत्या. बाबा धक्क्याच्या टोकाला उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि एकेक सांगू लागले. ती चुलत्याची, ती दोन भावांची, ती नवी फायबरची, तिचं इंजिन कालच उतरवलेलं दिसतंय. मला चष्मा लावूनही इंजिनाचं कळत नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते धक्क्यावर का येत नव्हते. घरात चित्राला दोष देता यायचा. इथे बोट ओळखता आली नसती तर दोष कुणाला द्यायचा?

आणि मग माझी नजर पुढे गेली. रांगेच्या शेवटी आमची बोट होती. आईच्या आजारपणात विकलेली. बाबांनी ती सदैव हिरवी ठेवली होती. नव्या मालकाने या हंगामात ती निळी केली, आणि मी ते बाबांना सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी त्यांना दिसावं म्हणून धडपडत होते. त्या क्षणी मात्र मनात म्हटलं, देवा, एवढी एक नको दिसू दे.

बाबांनी मान शेवटच्या बोटीकडे वळवली. वारा पडला होता. कुठेतरी कुणी लाकडावर हातोडी मारत होतं.

"निली केली," ते म्हणाले.

मी खाली चिखलाकडे बघत राहिले.

"तोंडाकडच्या नालेला पन निला फासलाय. ती नाल मी सागाची बसवून घेतली व्हती." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

ते तिच्याकडे बघतच राहिले. उपरण्याने आधी उजवा डोळा पुसला, मग डावा. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही.

"डॉक्टरला फोन लाव," बाबा म्हणाले. "दुसऱ्याची तारीख घे. येका डोल्यानं बघवत न्हाय."