गुळगुळीत बाजू बाहेर

वहिनी गेल्या तेव्हा भेटायला आलेला जो तो बाइंडरलाच म्हणत होता, "तुम्ही तर समोरच्याच खोलीत राहता. तुम्हाला त्यांचं सगळं ठाऊक असणार." बाइंडर मान हलवायचा. ती मान हो म्हणते आहे की नाही, ते समोरच्याला कळायचं नाही, आणि बाइंडरला तेच हवं असायचं. वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारल्यानंतर बावीस वर्षं तो त्यांच्या दारासमोर राहिला, रोज संध्याकाळी त्यांच्या हातचा चहा प्याला. तरी त्यांच्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट त्याला कळली ती एका भर दुपारी, सगळ्या घरादारासमोर, उंदीर मारायच्या औषधाच्या कागदावरून. एवढ्यावरून त्यानं त्यांना किती ओळखलं होतं ते दिसतंच.

वहिनींच्या घरात काहीही वाया जात नसे. दवाखान्याच्या धुलाईखात्यात त्यांनी उभा जन्म फाटक्या चादरी सांधल्या होत्या. ती सवय हाडात मुरली होती. चादरीची उशी होई, उशीचं फडकं होई, आणि फडकं विरलं की त्याची वात होई. वर्षाखेरच्या सुट्टीत त्यांच्या मुलाकडे सगळे जेवायला जमत, तेव्हा प्रत्येकाला वहिनींकडून एक डबी मिळे. डबीत संत्र्याच्या सालींच्या साखरेत पाकवलेल्या पट्ट्या, आणि शिळ्या पावाचे साखर-दालचिनी लावून कडक भाजलेले तुकडे. डबीला जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर बांधलेली. साली वर्षभर साठवायच्या. संत्रं कुणीही खावो, साल वहिनींची. सुनेच्या दुकानातल्या बायकासुद्धा साली कागदात बांधून पाठवत. पोरं त्यांना पुडीआजी म्हणायची.

डबीचा कागद बाइंडरचा. तो छापखान्यात पुस्तकं बांधायचा आणि तिथले वाया गेलेले ताव सुट्टीच्या आधी गठ्ठा करून आणून द्यायचा. एका बाजूला काहीतरी छापलेलं असायचं, पावत्या, वेळापत्रकं, कुठल्या तरी परीक्षेचे अर्ज. त्याची अडचण नव्हती, कारण वहिनी छापील बाजू आत घालून घडी घालायच्या. खळ नाही, टाचणी नाही, नुसत्या घड्यांवर उभी राहणारी पांढरीशुभ्र डबी. ताव कसले आहेत हे बाइंडर बघतही नसे. जे डोळ्यांआड जाणार ते बघायचं कशाला?

त्या दुपारच्या दोन वर्षं आधी उकळता पाक वहिनींच्या मनगटावर सांडला होता. मुलगा बस चालवतो. मोठ्यानं बोलायची सवय. तो दारातूनच ओरडत आला.

"आई, बस झालं आता. माझ्याकडे चल. दिवाणखान्यात पडदा लावून देतो, आराम कर."

"आणि स्वयंपाक?"

"तो तुझी सून करते की."

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात चमचासुद्धा परवानगी काढून उचलावा लागतो. मी तिथं पडद्यामागं बसून काय करू? नाटकात काम?"

मुलगा हटेना. शेवटी वहिनींनीच तोड काढली. "बरं. यापुढं माझ्या हातून एक ढोबळ चूक दाखव. एकच. त्या दिवशी मी आपणहून पिशवी भरून येते. पण तोवर परत हा विषय काढायचा नाही."

बाइंडर कोपऱ्यात बसून ऐकत होता. आपल्याला कुणी मत विचारू नये म्हणून तो कपात बघत राहिला. वहिनींची शेगडी, कात्री, सालींची बरणी, सगळं त्या एका बोलण्यावर टांगलं गेलं होतं. हे त्याला तेव्हाही कळलं होतं. पण वहिनी चुकतील, हे त्याच्या मनात कधी आलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीच्या जेवणाला मुलाची सासूही आली होती. ही विहीणबाई म्हणजे चालतंबोलतं न्यायालय. गेली सोळा वर्षं ती वहिनींच्या वागण्यातला पुरावा गोळा करत होती. जेवणं झाली, वहिनींनी टोपली मांडीवर घेतली आणि डब्या वाटायला काढल्या. पहिला मान विहीणबाईंचा.

विहीणबाईंनी डबी घेतली आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

डबीच्या झाकणावर कवटी होती. माणसाची. खाली दोन हाडं फुलीसारखी. लाल रंग जागा सोडून सरकल्यामुळे कवटीच्या तोंडातून रक्त गळल्यासारखं दिसत होतं. बाजूवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'एकदा खाल्ले की पुन्हा उठणार नाही.' आणि त्याखाली बारीक, 'मुलांपासून दूर ठेवा.'

सुनेनं टोपलीत डोकावून पाहिलं. अकरा डब्या, अकरा कवट्या.

"सोळा वर्षं," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चक्क हळू होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "सोळा वर्षं मी म्हणत होते, या बाई मनातलं कधी ना कधी बाहेर काढतील. काढलं. तेही छापून!"

"आई," मुलगा म्हणाला, "हे काय आहे?"

"काय म्हणजे?" वहिनी हसल्या. "सालींच्या पट्ट्या. यंदा जरा जास्तच खुटखुटीत झाल्यात."

सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि वहिनी खिडकीकडे बघत हसत होत्या. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. खोली का गप्प झाली ते त्यांना कळत नव्हतं. हातातल्या पुढच्या डबीवर त्यांचा अंगठा फिरायला लागला. झाकणावरून, कडेवरून, परत झाकणावरून. कवटीच्या डोळ्यांवरून तो अंगठा तीनदा गेला आणि काही न सापडता परत आला.

बाइंडर त्या अंगठ्याकडे बघत होता.

तीस वर्षं कागद हाताळलेला माणूस तो. त्याला एका क्षणात कळलं. छापखान्यातलं जुनं यंत्र शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, कागदावर दाबून छापायचं. छापील बाजूला बोट फिरवलं की अक्षरं खरखर लागायची. कोरी बाजू गुळगुळीत. यंदा नवं यंत्र आलं होतं. औषधाच्या वेष्टणाचे हे ताव त्यावर छापलेले, वर चकचकीत लेप दिलेला. म्हणजे छापील बाजूच काचेसारखी, आणि कोरी बाजू खरखरीत. वहिनींनी नेहमीसारखी गुळगुळीत बाजू बाहेर काढली होती. बोटानं. नुसत्या बोटानं.

वहिनींना दिसत नव्हतं.

आणि मग एकेक गोष्ट त्याच्या अंगावर येऊन आदळायला लागली. डब्यांना पूर्वी लाल लोकर असायची, अलीकडे हिरवी, पिवळी, जांभळी, हाताला येईल ती. 'काय रंगीबेरंगी केलंत,' असं कौतुक त्यानंच केलं होतं. चहा ओतताना त्या कपाच्या काठात बोटाचं टोक धरायच्या, ते तो म्हातारपण समजला होता. रस्त्यानं चालताना त्या त्याचं कोपर धरायच्या, ते तो गुडघेदुखी समजला होता. हा समजूतदार माणूस रोज संध्याकाळी त्यांच्यापासून दीड हातावर बसत होता.

"आई, तुला हे दिसलं नाही?" मुलानं विचारलं. तो आता ओरडत नव्हता. त्याला तो दोन वर्षांपूर्वीचा शब्द आठवला असणार, कारण त्यानं बायकोकडे बघितलं आणि बायकोनं दिवाणखान्याच्या कोपऱ्याकडे बघितलं.



"मी सांगितलं," बाइंडर म्हणाला.

कोण बोललं ते बघायला सगळ्यांच्या माना वळल्या. जेवणाच्या मेळाव्यात बाइंडरचा आवाज 'आणखी नको' याखेरीज कुणी ऐकला नव्हता.

"मीच सांगितलं त्यांना. त्या नको म्हणत होत्या. मी म्हटलं, चित्राची बाजू बाहेर काढा. म्हटलं, जरा... गंमत."

"गंमत?" मुलगा म्हणाला. "काका, तुम्ही?"

"हो."

"तुम्ही गंमत केलीत?"

"केली," बाइंडर म्हणाला आणि त्याचे कान इतके तापले की त्यांवर पाव भाजता आला असता.

कवट्यांनी बसला नसेल एवढा धक्का या गोष्टीनं बसला. मुलगा अखेर चिडला. काका, वय काय तुमचं, घरात लहान मुलं येतात, कुणी खरंच औषधाची पुडी डबी समजून उघडली तर, वगैरे. बाइंडरनं मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तेवढ्यात विहीणबाईंच्या पोटातून एक विचित्र आवाज आला. मग लक्षात आलं की त्या हसत आहेत.

"हा मुका माणूस!" त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "अगं बाई, सोळा वर्षं तोंड शिवून बसला आणि उघडलं ते हे! द्या इकडे ती डबी. मरायचंच असेल तर गोड खाऊन मरू."

त्यांनी पट्टी तोंडात टाकली, सगळ्यांनी त्या पुन्हा उठतात का ते पाहिलं, आणि मग बाकीच्यांनीही डब्या उघडल्या.

परत येताना रस्त्यात वहिनींनी नेहमीसारखं कोपर धरलं. बाइंडर इतका जपून चालत होता की दोनदा स्वतःच ठेचकाळला.

"भाऊजी, काय होतं हो त्या कागदावर?"

"कवटी."

"कसली?"

"माणसाची. उंदीर मारायचं औषध होतं ते. वर लिहिलं होतं, एकदा खाल्ले की पुन्हा उठणार नाही."

वहिनी थांबल्या. "आणि ते विहीणबाईंच्या हातात?"

"पहिली डबी त्यांनाच दिलीत तुम्ही."

वहिनींना असं हसू फुटलं की त्यांना एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. बाइंडर समोर उभा होता. त्याला हसू येत नव्हतं.

"वहिनी, अगदीच दिसत नाही?"

"उजव्यात खिडकीएवढा उजेड आहे. खिडकी कुठं ते कळतं. डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकलीय, कापाकापीचा उपयोग नाही. तेव्हा थोडं दिसत होतं, म्हणून एकटीच जाऊन आले."

"कधीपासून?"

"तुम्ही मला पेपर वाचून दाखवायला लागलात ना, तेव्हापासून."

बाइंडर पायरीवर त्यांच्या शेजारी टेकला. दोन वर्षं तो त्यांना रोज पेपर वाचून दाखवत होता. 'तुम्हीच वाचा भाऊजी, तुमचा आवाज बरा आहे,' असं त्या म्हणाल्या होत्या. त्याच्या आवाजाला आयुष्यात कुणी बरं म्हटलं नव्हतं. तो घरी आरशासमोर वाचायचा सराव करायचा.

"म्हणजे माझा आवाज..."

"आवाज बरा आहे हो. जरा नाकातून येतो, पण बरा आहे." वहिनी उठल्या. "मुलाला सांगायचं तर सांगा. मी काही तुमच्या पाया पडणार नाही. पण मग पुढच्या वर्षीचा पाक तुम्ही करा."

त्यानं सांगितलं नाही. हे बरोबर केलं की चूक, ते त्याला अजून कळलेलं नाही. पुढचं वर्षभर तो संध्याकाळी शेगडी विझली की नाही ते चोरून बघायचा, आणि वहिनी मान न वळवता म्हणायच्या, "बसा हो, विझवलीय." पुढच्या सुट्टीला त्यानं प्रत्येक तावाचा कोपरा कोऱ्या बाजूकडे मुडपून दिला, बोटाला बाजू कळावी म्हणून. डब्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. विहीणबाईंनी डबी उलटीपालटी करून पाहिली. "यंदा कवटी नाही?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा चांगलाच पडला होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी वहिनींना ताप आला, छातीत कफ झाला, आणि चार दिवसांत दवाखान्यात त्या गेल्या. डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. तिथल्या नर्सनं मुलाला सहज म्हटलं, "त्यांना दिसत नव्हतं, ते तुम्हाला माहीत असेलच."

मुलगा तसाच बाइंडरच्या खोलीवर आला. दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून बाइंडर खुर्चीतून उठला.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

या वेळी बाइंडरनं मान अशी हलवली की ती कळली.

"मागच्या महिन्यात तिनं माझ्या गणवेशाला बटण लावलं," मुलगा म्हणाला. "खाकी. अगदी त्याच रंगाचं."

"रंग मी सांगितला होता."

मुलगा बराच वेळ आपल्या छातीवरच्या बटणाकडे बघत राहिला. मग जिना उतरून गेला. अजून तो बाइंडरशी कामापुरतंच बोलतो. बाइंडरला वाटतं, त्याच्या जागी आपण असतो तर तेवढंही बोललो नसतो.

वहिनींना ताप चढला त्याच्या आदल्या संध्याकाळी बाइंडर नेहमीसारखा तिथे होता. पेपर वाचून झाला, चहा झाला. त्यानं चपला घातल्या.

"दार ओढून घ्या, भाऊजी. ते मांजर येतं."

"कुणाचं मांजर?"

"कुणाचं का असेना. दूध आपलं आहे ना?"

"बरं," तो म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.