न बघता मारलेल्या सह्या

बरी आहेस का असं कोणी विचारलं की मी हो म्हणते. खोटं नाही ते. दोन वर्षं होत आली, सुई टोचून घेतलेली नाही. पण बरं झालेल्या माणसाच्या तोंडावर म्हणे तेज येतं, ते काही माझ्याकडे आलं नाही. मी नुसती दमले आहे.

मी नर्स. चौदा वर्षं वाशीच्या बाजूच्या एका खासगी हॉस्पिटलात, ऑपरेशननंतरच्या वॉर्डात गेली. माहेर साताऱ्याकडचं, वडील एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर माथाडी. पाठ धरली की आई त्यांना गावाहून आणलेलं तेल चोळून द्यायची आणि सकाळी ते परत गोणी उचलायला हजर. एका जाड्या पेशंटला स्ट्रेचरवरून बेडवर घेताना माझीही पाठ गेली, तेव्हा मीही तेल चोळून कामाला गेले. फरक एवढाच, की माझ्या हाताशी कपाट होतं.

त्या कपाटाला दोन कुलपं. आत जालीम दुखण्यावरची इंजेक्शनं, नाव लिहीत नाही, उगाच कोणाला शिकवायला नको. एका अँपूलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, जेवढं औषध असतं त्यातलं बऱ्याचदा अर्धंच पेशंटला लागतं. उरलेलं दुसऱ्या सिस्टरसमोर बेसिनमध्ये टाकायचं आणि रजिस्टरमध्ये दोघींनी सह्या करायच्या, हा नियम. आता नियमाचं म्हणाल तर वॉर्डात बावीस बेड, आणि आम्ही दोघी. कोण कोणाच्या बेसिनपाशी उभं राहणार? ड्युटी संपताना एकीने रजिस्टर पुढे सरकवायचं, "सही मार गं", आणि दुसरीने डबा खाता खाता मारायची. माझ्यावर तिने, तिच्यावर मी. चौदा वर्षांत मी एकदाही कोणाच्या बेसिनमध्ये डोकावले नाही. एखादी नवीन पोरगी खरंच बघायला उभी राहिली तर आम्ही तिची चेष्टा करायचो, पोलीस आले म्हणून.

माझ्या नोंदींपुढे सही असायची ती माझ्या मैत्रिणीची. करावे गावातली, कोळ्यांच्या घरातली. तिच्या डब्यातल्या सुक्या जवळ्याच्या वासावरून सगळे बोंबलायचे आणि सगळेच त्यात हात घालायचे. ड्युटीवर आमच्यासारखीच बोलायची, फोनवर आईशी बोलताना मात्र तिची बोली सुटायची. नऊ वर्षं आम्ही एकाच वॉर्डात काढली. माझी सासू गेली तेव्हा माझ्या चार ड्युट्या तिने न बोलता केल्या होत्या.

पाठ गेली तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे आराम सांगितला होता. तो कुठून आणणार? रजा सगळ्या सासूच्या आजारपणात संपलेल्या. एका दुपारी उरलेलं औषध बेसिनमध्ये जायच्या ऐवजी माझ्या मांडीत गेलं. पाठ थांबली. नुसती पाठ नाही, डोक्यातली सगळी कटकटच थांबली, घरात नवऱ्याचा अबोला, लेकीची दहावी, सगळं. त्यानंतर अकरा महिने. पेशंटच्या वाट्याचं मी कधी घेतलं नाही, उरलेलंच घेतलं. हे मी सगळ्यांना सांगते. खरं आहे, पण पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही.

मला कोणी पकडलं नाही. एका लहान मुलीला सलाइन लावताना माझा हात इतका थरथरला की तीनदा टोचूनही शीर मिळाली नाही. तिच्या आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्या पायांनी मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये गेले, सगळं सांगितलं. मॅडमनी पाणी दिलं, चहा मागवला, माझा हात धरून रडल्या. बरं केलंस सांगितलंस, म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझा लॉकर उघडला होता, आयकार्ड काढून घेतलं होतं, आणि रोज मला नमस्ते करणारा गेटवरचा सिक्युरिटी माझी पर्स उलटी करून बघत होता. खऱ्याला देव पावतो म्हणतात. मला एचआर पावला.

मग पनवेलच्या पुढच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दीड महिना. उलट्या, हाडं फुटल्यासारखी, ते जाऊ दे. तिथे एकच गोष्ट रोज घोटून घेत होते: अर्धं सांगितलं तर तेही खोटंच. मी ती गोष्ट शाळेतल्या पाढ्यासारखी पाठ केली.

हॉस्पिटलच्या चौकशीला तिघे बसले होते. साक्षीदार सिस्टर समोर असायच्या का, असं त्यांनी विचारलं. मी पाठ केलेलं म्हटलं. नाही, सर, कोणीच समोर नसतं, सगळ्या वॉर्डांत असंच चालतं, सह्या न बघताच मारतात. मला वाटलं, आता ही पद्धतच बदलतील. त्यांनी त्यातलं पहिलं वाक्य लिहून घेतलं, आणि त्याच्यापुढे माझ्या मैत्रिणीचं नाव. सगळं हॉस्पिटल तपासायची कोणाला हौस होती? सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ना, इथे तर सुकं वाचलं आणि ओलंच जळलं.

निकाल असा. माझा आजार, मी स्वतः कबूल केलं, उपचार पूर्ण केले. म्हणून अटींवर परत घ्यायचं. कपाटाची चावी नाही, वॉर्ड नाही, महिन्याला लघवीची तपासणी. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन शाबूत. ती धडधाकट, अकरा महिने खोट्या सह्या केल्या, म्हणून तिला काढलं. वर शेरा असा मारला की दुसरं कुठलं हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नाही.

मी करावेला तिच्या घरी गेले. ती ओट्याशी कोलंबी सोलत होती. बस म्हणाली, पाणी दिलं, आणि परत सोलायला लागली. मी माफी मागितली. मग बोलली ती ड्युटीवरच्या भाषेत नाही, घरच्या.

"तू आजारी व्हतीस म्हनून सुटलीस. मी आजारी नव्हती, नुसती कामात व्हती. मना कुठलं सेंटर हाय?"

तिने हात धुतले आणि समोर येऊन बसली. म्हणाली, त्यांना लिहून दे, रजिस्टरमधल्या त्या सह्या माझ्या नव्हत्या, तूच माझ्या नावाने मारल्यास. मी म्हटलं, अगं, ते खोटं होईल. पोलीस केस होईल, माझं रजिस्ट्रेशन जाईल.

"अकरा महिने मी तुला सह्या दिल्या. कदी इचारलं, कशाला पायजे? तू एक दे."

मी नाही म्हटलं. आता मला खोटं बोलता येणार नाही, असं म्हटलं. आणि वर पेशंटशी बोलतो त्या मऊ आवाजात म्हटलं, त्याची मला आजही शरम वाटते. कारण मी तेव्हा खरेपणा वाचवत होते की नोकरी, ते माझं मलाच माहीत नव्हतं. अजून नाही. बरं, म्हणाली, जा मंग. मी उठले.

ती आता उलव्याला एका अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्या बाईंना बघते, घरी, बारा तासांची ड्युटी. नर्स म्हणून नाही, बाई म्हणून. हे मला दुसऱ्यांकडून कळतं. मी ओपीडीत वजन आणि बीपी लिहिते.

गुरुवारी आम्ही व्यसन सुटलेले, सुटत असलेले, एका शाळेच्या वर्गात जमतो. तिथे सगळं सांगायचं असतं आणि मी सगळं सांगितलं आहे, अशी माझी ख्याती आहे. दर खेपेला टाळ्या मिळतात. मागच्या महिन्यात एक नवीन पोरगी आली, नर्सच. तिचंही तेच, उरलेलं औषध. मॅडमना सांगू का, म्हणून ती विचारत होती, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी हो म्हणेन म्हणून.

मी तिला विचारलं, सही कोणाची असते तुझ्या बाजूला? तिने मैत्रिणीचं नाव सांगितलं, रूममेट आहे म्हणाली.

"मग आधी तिला सांग," मी म्हटलं. "मॅडमना नंतर."

"तुम्ही तसंच केलं होतं, ताई?"

मी नाही म्हटलं. मग त्या वर्गात पहिल्यांदाच मी करावेच्या त्या दुपारचं सांगितलं, तिने काय मागितलं आणि मी काय दिलं नाही ते. माझं बोलून झालं तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.